‘अडचण येऊ शकते’ हे इंग्रजीत कसे लिहावे: कर्ता, शक्यता आणि क्रियापद ठरवण्याची क्रमवार पद्धत

सोलापुरातून बाहेरच्या ग्राहकाला जाणाऱ्या इंग्रजी पत्रांत एक वाक्य हमखास चुकते. टॉवेलच्या कारखान्यातील लेखनिक असो, डाळिंबाची निर्यात पाहणारा तरुण असो किंवा नोकरीसाठी अर्ज करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो, ‘अडचण येऊ शकते’ एवढेच सांगायचे असताना तो ‘वी आर फेसिंग प्रॉब्लेम’ असे लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याला त्यातून असे कळते की अडचण आलेली आहे, ती चालू आहे आणि ती कसली हे सांगण्याची पाठवणाऱ्याची तयारी नाही. सूत पुढच्या आठवड्यात उशिरा येईल अशी नुसती शंका कळवायची असते, आणि पलीकडचा माणूस मात्र कारखानाच अडचणीत आहे असे समजून पुढच्या ऑर्डरचा विचार दुसरीकडे करू लागतो.

असे वाक्य लिहिणाऱ्याला शब्द ठाऊक असतात, पण तो ते चुकीच्या क्रमाने हाती घेतो. आधी क्रियापद शोधले जाते, ‘फेस’ सापडते आणि उरलेले वाक्य त्याच्याभोवती कसेबसे जुळवले जाते. कर्ता आधी, शक्यतेची मात्रा नंतर, क्रियापद त्यानंतर आणि क्रियापदामागून येणारे शब्द शेवटी, या क्रमाने गेल्यास बहुतेक चुका होतच नाहीत. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत. इंग्रजी वाक्ये येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती रोमन लिपीत लिहून काढावीत, कारण शब्द जोडून लिहायचा की तोडून, यासारख्या चुका लिहिल्याशिवाय दिसत नाहीत.

तयारी: आधी मराठीत चार उत्तरे

इंग्रजी वाक्याला हात घालण्यापूर्वी कागदावर मराठीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. अडचण नेमकी कोणाला येणार आहे? ती कशाची आहे? ती येण्याची शक्यता किती आहे? आणि ती पुढे येणार आहे, आत्ता असावी असा अंदाज आहे, की मागे येऊन गेली असावी?

दुसऱ्या प्रश्नाशी सर्वाधिक वेळ थांबावे. ‘अडचण’ हे उत्तर नव्हे. ‘अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार असल्याने रंगाईचे काम एक दिवस मागे पडेल’ हे उत्तर आहे. एवढे स्पष्ट मराठी वाक्य हाती आले की अनेकदा असे लक्षात येते की इंग्रजीत ‘प्रॉब्लेम’ किंवा ‘डिफिकल्टी’ हा शब्द वापरण्याची गरजच उरलेली नाही. ‘द डाइंग मे बी डिलेड बाय वन डे’ एवढ्यात काम भागते. माझ्या मते दहांपैकी निम्म्या पत्रांत हाच उत्तम मार्ग असतो आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

तपासणी: चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नक्की सांगता येत नाही’ असे असेल, तर पत्र लिहिण्याआधी संबंधित माणसाला फोन करावा. भाषेने ती उणीव भरून निघत नाही.

टप्पा १: वाक्याचा कर्ता ठरवणे

मराठीत अडचण माणसाकडे चालत येते. ‘आम्हाला अडचण येऊ शकते’ या वाक्यात अडचण हा कर्ता आहे आणि आपण ‘आम्हाला’ म्हणून बाजूला उभे आहोत. हीच रचना उचलून इंग्रजीत नेली की ‘डिफिकल्टी मे कम टू अस’ किंवा ‘प्रॉब्लेम कॅन कम’ अशी वाक्ये तयार होतात. त्यांचा अर्थ लागतो, पण ती इंग्रजी राहत नाहीत. इंग्रजीत ही गोष्ट मुख्यतः तीन प्रकारे मांडता येते.

पहिल्या प्रकारात माणूस किंवा संस्था कर्ता होते आणि अडचण कर्म होते: ‘वी मे फेस अ शॉर्टेज ऑफ यार्न.’ दुसऱ्या प्रकारात अडचणच कर्ता राहते, पण क्रियापद ‘कम’ नसून ‘अराइज’ किंवा ‘ऑकर’ असते, आणि ‘आम्हाला’ हा भाग वाक्यातून निघून जातो: ‘डिलेज मे ऑकर ड्युरिंग द मॉन्सून.’ तिसऱ्या प्रकारात जिला उशीर होणार ती वस्तूच कर्ता होते: ‘द शिपमेंट मे बी लेट.’

अडचणीची जबाबदारी आपल्याकडे असेल आणि ती स्वीकारायची असेल तर पहिला प्रकार योग्य. सूचनाफलक, नियमावली किंवा सर्वांसाठीचे निवेदन असेल तर दुसरा. ग्राहकाला फक्त परिणाम जाणून घ्यायचा असेल तर तिसरा. व्यापारी पत्रात बहुधा तिसराच बरा.

इशारा: ‘अराइज’ आणि ‘ऑकर’ ही अकर्मक क्रियापदे आहेत. ‘प्रॉब्लेम मे बी अराइझ्ड’ आणि ‘डिले मे बी ऑकर्ड’ ही दोन्ही रूपे चुकीची आहेत. ‘अडचण उद्भवली जाऊ शकते’ असे आपण मराठीतही म्हणत नाही.

येथेच आणखी एक काळजी घ्यावी. ‘यू’ हा कर्ता करून त्यापुढे ‘मे फेस’ लिहिले की वाक्याला धमकीचा वास येतो, कारण इंग्रजीत दंड, कारवाई, खटला यांच्याबाबत हीच रचना नेहमी वापरली जाते: ‘यू मे फेस अ फाइन.’ म्हणून ‘यू मे फेस प्रॉब्लेम इन वॉशिंग’ असे लिहिणारा विक्रेता ग्राहकाला बजावत आहे असे वाटते. टेरी टॉवेलमधून पहिल्या काही धुण्यांत तंतू निघतात, हे सांगण्यासाठी ‘यू मे नोटिस सम लिंट इन द फर्स्ट फ्यू वॉशेस’ हे वाक्य पुरेसे आहे. ‘नोटिस’ या क्रियापदामुळे ती गोष्ट अडचण न राहता मालाचा स्वाभाविक गुण ठरते, आणि वस्तुस्थितीही तीच आहे.

टप्पा २: शक्यतेची मात्रा ठरवणे

मराठीतील ‘शकते’ या एका रूपात सामर्थ्य आणि शक्यता दोन्ही मावतात. ‘तो पोहू शकतो’ आणि ‘पाऊस येऊ शकतो’ यांत क्रियापद एकच आहे. त्यामुळे ‘शकते’ दिसले की हात आपोआप ‘कॅन’कडे जातो. ही या विषयातील सर्वांत मुरलेली चूक आहे आणि ती सुधारल्याशिवाय पुढच्या टप्प्यांचा फारसा उपयोग नाही.

‘कॅन’ हे सर्वसाधारण, केव्हाही खऱ्या असलेल्या शक्यतेसाठी आहे: ‘पॉवर कट्स कॅन डॅमेज द मोटर’, म्हणजे वीज वारंवार गेल्याने मोटर बिघडते असा अनुभव आहे. एका ठरावीक ऑर्डरबद्दल, येत्या ठरावीक आठवड्याबद्दल बोलताना ‘वी कॅन फेस डिले’ असे लिहू नये. परदेशी वाचकाला त्यात ‘उशीर सोसण्याची आमची ताकद आहे’ असाही सूर ऐकू येऊ शकतो.

ठरावीक प्रसंगासाठी ‘मे’ हे पहिले साधन आहे. ते औपचारिक आहे, शांत आहे आणि होईल किंवा होणार नाही या दोन्ही बाजू खुल्या ठेवते. ‘माइट’ त्याहून किंचित दूरची शक्यता दाखवते, पण हा फरक बारीक आहे आणि अनेक इंग्रज लेखक तो पाळतही नाहीत. त्यावर ग्राहकाने काही निर्णय घ्यावा अशी अपेक्षा धरू नये. मात्र दुसऱ्याचे बोलणे भूतकाळात सांगताना ‘माइट’च लागते: ‘द सप्लायर सेड दॅट दे माइट फेस अ शॉर्टेज.’ ‘कुड’ हे अटीवर अवलंबून असलेल्या शक्यतेसाठी चांगले: ‘इफ द यार्न डज नॉट अराइव्ह बाय फ्रायडे, वी कुड लूज अ वीक.’

शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर ‘मे’ सोडून ‘बी लाइकली टू’ वापरावे: ‘वी आर लाइकली टू फेस अ डिले.’ हा शब्द सैलपणे वापरू नये. हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती म्हणजे आयपीसीसी आपल्या अहवालांत ‘लाइकली’ हा शब्द ६६ ते १०० टक्के शक्यतेसाठी आणि ‘व्हेरी लाइकली’ हा ९० ते १०० टक्क्यांसाठी राखून ठेवते. व्यापारी पत्रात इतके मोजमाप कोणी करत नाही, तरीही ‘लाइकली’ वाचणारा माणूस पर्यायी व्यवस्थेला लागतो, हे ध्यानात ठेवावे. आणि अडचण येणारच असेल तर सरळ ‘विल’ लिहावे. ठरलेली गोष्ट ‘मे’ने सौम्य करून सांगणे ही नम्रता नसून दिशाभूल आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आपल्या कारखान्यात कामगार सुट्टीवर असतात हे दरवर्षी ठाऊक असेल, तर त्या आठवड्याबद्दल ‘प्रॉडक्शन मे बी स्लो’ लिहिण्यात अर्थ नाही. ‘प्रॉडक्शन विल बी स्लो’ असे लिहावे.

इशारा: ‘विल मे फेस’, ‘मे कॅन फेस’ अशी जोडी जमत नाही, अशा साहाय्यक क्रियापदांपैकी एकावेळी एकच चालते. त्याच्यामागे क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘मे फेस’. ‘मे टू फेस’, ‘मे फेसेस’ आणि ‘मे फेसिंग’ चुकीचे आहेत.

इशारा: ‘मेबी’ जोडून लिहिले की त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा होतो आणि ते बहुधा वाक्याच्या आरंभी येते, ‘मे बी’ तोडून लिहिले की ते क्रियापद असते. ‘द शिपमेंट मेबी लेट’ असे जोडून लिहिल्यास वाक्यात क्रियापदच उरत नाही. औपचारिक पत्रात ‘मेबी’ टाळलेलेच बरे.

नकाराबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण नकार आला की ही साहाय्यक क्रियापदे आपापल्या वाटेने जातात. ‘वी मे नॉट बी एबल टू शिप ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर माल पाठवणे कदाचित जमणार नाही. ‘वी कुड नॉट शिप ऑन टाइम’ म्हणजे बहुधा जमले नाही, प्रकरण संपले. ‘वी कॅनॉट फेस धिस’ म्हणजे तर ‘हे सोसण्याचे धैर्य आमच्यात नाही’. अडचणीची शक्यता नाकारण्यासाठी ते कधीच वापरू नये. आपल्याला जेव्हा ‘तुम्हाला अडचण येऊ नये’ असे म्हणायचे असते, तेव्हा इंग्रजीत ‘यू शुड नॉट हॅव एनी डिफिकल्टी’ हे अचूक वाक्य आहे. शाळेत ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढेच शिकवले गेल्याने आपल्याकडे ते लिहायला लोक कचरतात. येथे ते आज्ञा करत नाही, अपेक्षा व्यक्त करते.

करारनामा किंवा मालाच्या तांत्रिक अटी लिहिताना ‘मे’ जपून वापरावे. आयएसओच्या मानकांच्या लेखननियमांत ‘मे’ परवानगीसाठी आणि ‘कॅन’ शक्यतेसाठी राखलेले आहे, म्हणजे पत्रव्यवहारातील सवयीच्या जवळजवळ उलट. अशा कागदात ‘द सेलर मे डिले’ असे लिहिले गेले तर विक्रेत्याला उशीर करण्याची मुभा आहे असा अर्थ निघतो.

टप्पा ३: क्रियापद निवडणे

कर्ता आणि शक्यता ठरल्यावरच क्रियापदाकडे यावे. येथे पर्याय अनेक आहेत, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

‘फेस’ हे वजनदार क्रियापद आहे. टंचाई, दंड, स्पर्धा, तोटा, मोठा विलंब अशा गोष्टींसमोर संस्था किंवा माणूस उभा राहतो, तेव्हा ते शोभते. मेलला जोडलेली फाइल उघडत नाही, यासाठी ‘फेस’ वापरणे म्हणजे वाटाण्यासाठी पाटा-वरवंटा काढणे. आणि हे क्रियापद थेट कर्म घेते. ‘फेस टू प्रॉब्लेम’, ‘फेस विथ प्रॉब्लेम’ हे चुकीचे आहे. ‘विथ’ फक्त कर्मणी रचनेत येते: ‘वी मे बी फेस्ड विथ अ शॉर्टेज.’ ही रचना अडचण आपण ओढवून घेतलेली नाही असे सुचवते, त्यामुळे खुलासा करताना उपयोगी पडते.

‘एन्काउंटर’ हे अनपेक्षितपणे वाटेत आडव्या येणाऱ्या गोष्टींसाठी आहे: संगणकावरील त्रुटी, विरोध, कागदपत्रांतील घोळ. मराठी वृत्तपत्रांनी या शब्दाला पोलिसी चकमकीचा अर्थ इतका घट्ट चिकटवला आहे की आपले लोक तो लिहायला बिचकतात. परदेशी वाचकाच्या मनात तसे काही येत नाही. तो निःशंकपणे वापरावा. मात्र क्रियापद म्हणून त्यापुढे ‘विथ’ लावू नये: ‘यू मे एन्काउंटर ॲन एरर’ हे बरोबर, ‘एन्काउंटर विथ ॲन एरर’ हे चूक. हा शब्द लिखित आणि औपचारिक आहे. फोनवर बोलताना तो जड वाटतो.

‘एक्स्पीरियन्स’ हे प्रत्यक्ष जाणवणाऱ्या गोष्टींसाठी: विलंब, वेदना, सेवेतील खंड. बँका, विमान कंपन्या आणि दूरध्वनी कंपन्या ग्राहकाला उद्देशून हेच लिहितात: ‘कस्टमर्स मे एक्स्पीरियन्स अ डिले.’ ‘यू’ कर्ता असताना ‘फेस’ऐवजी हे घेतले की धमकीचा सूर निघून जातो. औषधाचे दुष्परिणाम सांगतानाही हेच योग्य.

‘हॅव’ हे साधे आहे म्हणून दुर्लक्षित राहते, पण रोजच्या अडचणींसाठी तेच सर्वांत नैसर्गिक: ‘यू मे हॅव डिफिकल्टी ओपनिंग द फाइल’, ‘आय मे हॅव ट्रबल रीचिंग द सेंटर बाय नाइन.’ पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहाटेची गाडी उशिरा येण्याची शक्यता कळवताना दुसरे वाक्य डोळे मिटून घ्यावे.

‘रन इन्टू’ हे बोलीतले. ओळखीच्या सहकाऱ्याला ‘वी मे रन इन्टू ट्रबल विथ द कस्टम्स पेपर्स’ असे लिहिण्यात काही वावगे नाही. पहिल्यांदाच पत्र लिहिताना किंवा सरकारी कार्यालयाला लिहिताना ते टाळावे. ‘इन्टू’ हा एकच शब्द आहे, तो तोडू नये.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. ‘कम अक्रॉस’ म्हणजे सहज सापडणे, त्यामुळे ‘इफ यू कम अक्रॉस एनी डिफेक्ट’ चालते, पण ‘वी मे कम अक्रॉस डिले’ चालत नाही. ‘सफर’ हे नुकसान आणि इजा यांसाठी. साध्या उशिराला लावल्यास रडगाणे वाटते. ‘अंडरगो’ हे शस्त्रक्रिया, तपासणी, दुरुस्ती यांसाठी, अडचणीसाठी कधीच नाही. ‘स्ट्रगल टू’ हे आपली कमकुवत बाजू उघडी करते. लहान यंत्रमागधारकांवरील अहवालात ते खरे आणि योग्य ठरेल, पण ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात नको. ‘फील डिफिकल्टी’ आणि ‘गेट प्रॉब्लेम’ ही तर ‘अवघड वाटते’ आणि ‘प्रॉब्लेम येतो’ यांची शब्दशः रूपे आहेत. ती पूर्णपणे सोडून द्यावीत आणि ‘फाइंड इट डिफिकल्ट टू’ ही रचना शिकून घ्यावी. त्यातील ‘इट’ गाळता येत नाही: ‘यू मे फाइंड डिफिकल्ट टू रीड’ हे अपुरे वाक्य आहे.

तपासणी: निवडलेले क्रियापद काढून त्या जागी ‘हॅव’ ठेवून पाहावे. अर्थ आणि भार दोन्ही तसेच राहत असतील, तर ‘हॅव’च ठेवावे.

टप्पा ४: क्रियापदामागचे शब्द जुळवणे

क्रियापद बरोबर निवडूनही वाक्य येथे घसरते. मराठीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ लावण्याची पद्धत नसल्यामुळे ‘वी मे फेस प्रॉब्लेम’ हे कानाला पूर्ण वाटते. ‘प्रॉब्लेम’ मोजता येणारे नाम आहे, म्हणून ‘अ प्रॉब्लेम’ किंवा ‘प्रॉब्लेम्स’ असे लिहावे. याउलट ‘ट्रबल’ या अर्थाने मोजले जात नाही, म्हणून ‘अ ट्रबल’ चुकीचे. ‘डिफिकल्टी’ दोन्ही बाजूंना आहे: ‘हॅव डिफिकल्टी’ या ठरीव रचनेत ते एकवचनी आणि ‘अ’विना राहते, तर वेगवेगळ्या प्रत्यक्ष अडचणी सांगायच्या असतील तेव्हा ‘सेव्हरल डिफिकल्टीज’ होते.

‘डिफिकल्टी’ आणि ‘ट्रबल’ यांच्यापुढे कृती सांगायची असल्यास ‘इंग’ प्रत्ययाचे रूप येते. ‘डिफिकल्टी टू ओपन’ असे लिहू नये. ‘डिफिकल्टी ओपनिंग’ किंवा ‘डिफिकल्टी इन ओपनिंग’ लिहावे. वस्तू सांगायची असल्यास ‘विथ’ येते: ‘डिफिकल्टी विथ द लेबल्स.’ ‘टू’ फक्त ‘डिफिकल्ट’ या विशेषणाबरोबर जमते, नामाबरोबर नाही. ‘शक्यता’ हा शब्द नाम म्हणून वापरतानाही हीच गडबड होते: ‘देअर इज अ पॉसिबिलिटी टू फेस डिले’ हे चूक, ‘देअर इज अ पॉसिबिलिटी ऑफ डिले’ हे बरोबर.

कालावधी जोडताना ‘थ्री डेज डिले’ किंवा ‘डिले बाय थ्री डेज’ असे लिहिले जाते. ‘अ डिले ऑफ थ्री डेज’ किंवा ‘अ थ्री-डे डिले’ यांपैकी एक घ्यावे. दुसऱ्यात ‘डे’ एकवचनीच राहते.

टप्पा ५: काळ पाहणे

पुढे येऊ शकणाऱ्या अडचणीसाठी ‘मे फेस’. आत्ता, या घडीला चालू असावी असा अंदाज असेल तर ‘मे बी फेसिंग’: कंटेनर न्हावा शेव्याला पोहोचला आहे, पण चार दिवस काही कळलेले नाही, तेव्हा ‘अवर एजंट मे बी फेसिंग अ प्रॉब्लेम ॲट द पोर्ट.’ मागे येऊन गेली असावी असे वाटत असेल तर ‘मे हॅव फेस्ड’. ‘मे हॅड फेस्ड’ आणि ‘मे हॅव फेस’ ही दोन्ही रूपे अस्तित्वात नाहीत.

इशारा: ‘माइट हॅव फेस्ड’ला आणखी एक अर्थ आहे, आणि तो उलटा आहे: अडचण आली असती, पण आली नाही. ‘विदाउट युवर ॲडव्हान्स, वी माइट हॅव फेस्ड अ कॅश शॉर्टेज’ म्हणजे आगाऊ रक्कम मिळाल्यामुळे चणचण टळली. घडून गेले की नाही हेच ठाऊक नसेल, तर ‘मे हॅव’ वापरून गोंधळ टाळावा.

टप्पा ६: ‘इफ’ची वाक्ये

बहुतेक पत्रांचा शेवट ‘काही अडचण आल्यास कळवावे’ असा असतो. यात शक्यतेचे काम ‘इफ’ करते, म्हणून त्याच उपवाक्यात ‘मे’ किंवा ‘विल’ लागत नाही. ‘इफ यू विल फेस एनी प्रॉब्लेम’ हे चूक. ‘इफ यू हॅव एनी डिफिकल्टी, प्लीज राइट टू अस’ हे बरोबर. जास्त औपचारिक हवे असल्यास ‘शुड यू हॅव एनी डिफिकल्टी’ असा उलटा क्रम चालतो, पण मग ‘इफ’ काढून टाकावे लागते. ‘इफ’च्या वाक्यात ‘एनी’ आणि ‘मे’च्या होकारार्थी वाक्यात ‘सम’, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: ‘वी मे हॅव सम डिफिकल्टी.’

टप्पा ७: पूर्ण पत्रात लावून पाहणे

आपल्याकडच्या पत्रांच्या धाटणीचा हा एक नमुना पाहावा: ‘डिअर सर, वी आर फेसिंग प्रॉब्लेम ऑफ यार्न. सो मेबी डिले विल कम. यू कॅन फेस डिफिकल्टी टू गेट गुड्स इन टाइम. काइंडली ॲडजस्ट.’

यात पहिले वाक्य शक्यतेला घडलेली गोष्ट करून टाकते. दुसऱ्यात ‘मेबी’ आणि ‘विल’ एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि उशीर मराठी पद्धतीने चालत येतो. तिसरे ग्राहकाला बजावते आणि त्यात ‘टू’ही चुकला आहे. चौथ्याचा परदेशी वाचकाला अर्थच लागत नाही. ‘जरा सांभाळून घ्या’ हा आपला भाव त्या शब्दात तिकडे नाही.

आता तयारीतील चार उत्तरे घ्यावीत. अडचण आम्हाला येणार. ती सूत एक आठवडा उशिरा येण्यामुळे पाठवणीची तारीख गाठण्याची. शक्यता आहे, खात्री नाही. ती पुढची आहे. त्यावरून पत्र असे होते:

‘द यार्न फॉर युवर ऑर्डर ऑफ टू थाउजंड बाथ टॉवेल्स इज नाऊ एक्स्पेक्टेड ऑन १२ ऑगस्ट इन्स्टेड ऑफ ५ ऑगस्ट. ॲज अ रिझल्ट, वी मे हॅव डिफिकल्टी मीटिंग द शिपमेंट डेट ऑफ २० ऑगस्ट. इफ द यार्न अराइव्ह्ज ऑन द ट्वेल्फ्थ, द डिले शुड नॉट एक्सीड फोर डेज. वी विल कन्फर्म द न्यू डेट ऑन १३ ऑगस्ट.’

कारण आधी आले आहे, त्यामुळे ‘मे’ला आधार मिळाला. अडचणीचे वाक्य एकच आहे. त्यानंतर उशिराची मर्यादा आणि पक्के कळवण्याचा दिवस आहे. क्षमायाचनेचे वाक्य हवे असल्यास ते शेवटी एकदाच घालावे.

कारण सांगताना स्थानिक नावे तपासावीत. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते वळवले जातात हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला ‘ड्यू टू वारी’ वाचून काहीही कळणार नाही. तेथे ‘बिकॉज ऑफ रोड डायव्हर्जन्स ड्युरिंग अ रीजनल पिलग्रिमेज’ असे लिहावे आणि तारखा द्याव्यात.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

पत्र पूर्ण झाल्यावर ते पुन्हा वाचताना फक्त साहाय्यक क्रियापदांखाली रेघ मारावी. प्रत्येक ‘कॅन’पाशी थांबून तेथे ‘मे’ हवे का ते पाहावे. प्रत्येक ‘आर फेसिंग’पाशी, ती अडचण आज खरोखर चालू आहे का ते विचारावे. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त वेळा ‘मे’ आले असेल तर पत्र डळमळीत वाटू लागते, म्हणून त्यांपैकी एखादे वाक्य ‘विल’ने पक्के करता येते का ते पाहावे. त्यानंतर ‘प्रॉब्लेम’, ‘डिफिकल्टी’ आणि ‘ट्रबल’ हे शब्द शोधून त्यांच्या आधीचा ‘अ’ आणि नंतरचा ‘इन’, ‘विथ’ किंवा ‘इंग’ तपासावा. संगणकावरील शुद्धलेखन तपासणी ‘कॅन फेस’ला अनेकदा चूक मानत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य उभे राहते, अर्थाची ही तपासणी लिहिणाऱ्यालाच करावी लागते. तारखा आणि आकडे शेवटी मूळ ऑर्डरशी ताडून पाहावेत आणि मगच पत्र पाठवावे.